विजेचे पेव

गेल्या वर्षी नववीच्या वर्गातील एक मुलगा माझ्या पहिल्या तासाला डुलक्या घेत असे. मुलगा हुशार, वृत्तीने शांत. त्यामुळे प्रथम मी तिकडे कानाडोळा केला. पुढे लक्षात आले की, ह्या डुलक्यांस काही नियम आहे. काही दिवस तो टवटवीत असे, आणि त्यापुढील काही दिवस त्याचे डोळे तारवटलेले असत. चंद्राच्या कलांप्रमाणे नेमाने चालणारा हा प्रकार पाहून मला कुतूहल वाटले व एके दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यास जवळ बोलावून कारण विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, ह्या आठवड्यात आमची लाईट रात्रीची आहे."

खेड्यातून मुले पाठविणाऱ्या पालकांस ह्या वाक्याचा अर्थ सांगावयास नको; शहरातील वाचकांकरिता सांगतो. शेतीपंपांस वीज चोवीस तास मिळत नाही, पाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की बाप मोटर सुरू करून उसाच्या सऱ्यांतून दारे धरतो, आणि मुलगा हातात बॅटरी घेऊन बांधावर उभा राहतो. पायाखाली घोणस असेल, फडाच्या आडोशाला गवा असेल. सोबतीला काय तो त्या बॅटरीचा झोत. पहाटे घरी येऊन पाठ टेकावी न टेकावी तोच एस. टी. गाठण्याची वेळ होते.

मी त्यास म्हणालो, "अरे, दुपारी शिवारात एवढे ऊन असते. तेव्हा का पाणी पाजत नाही?" विज्ञान शिकविणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारावा ह्याची आज मला लाज वाटते. मुलगा नम्रपणे म्हणाला, "दिवसा लाईट कुठं असते, सर?"

त्या मुलाच्या हातातील बॅटरी हीच ह्या लेखाचा विषय आहे. आज ज्या वेळी वीज हाती आहे त्या वेळेपासून, ज्या वेळी तिची गरज पडेल त्या वेळेपर्यंत ती राखून ठेवणे, ह्या एका कामासाठी साऱ्या जगात अफाट पैसा ओतला जात आहे. ह्या कामी कोल्हापूरकरांचा संबंध किती निकटचा आहे, आणि त्यात आपण काय मागितले पाहिजे, ह्याविषयी माझे जे मत बनले आहे ते विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडण्याचा विचार आहे.

आपल्याकडील जुन्या वाड्यांत पेव असे. जमिनीत खोल खड्डा घ्यावा, त्याच्या भिंती लिंपाव्यात, बुडाशी व कडेने काड घालावे, ज्वारी भरून तोंड बंद करावे. मग पुढे अवर्षण पडले की ते उघडावे. सुगीचे धान्य दुष्काळापर्यंत नेणारी ही युक्ती आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. विजेला मात्र पेव नाही. दूध सकाळचे संध्याकाळपर्यंत टिकते, भाजी दोन दिवस टिकते. वीज क्षणभरही टिकत नाही. कोराडीस किंवा कोयनेस जनित्र जितकी वीज ज्या क्षणी निर्माण करते, तितकीच त्याच क्षणी कोठेतरी दिवा, पंखा, माग किंवा मोटर ह्यांनी वापरली पाहिजे. सारे वीजजाळे, ज्यास ग्रिड म्हणतात, ते म्हणजे एक अखंड चालणारा तराजू आहे. त्याचा काटा म्हणजे विजेची वारंवारता. आपल्या देशात ती दर सेकंदास ५० आवर्तने अशी राखावयाची असते. मागणी वाढली व पुरवठा कमी पडला तर काटा खाली जातो, उलट झाले तर वर चढतो, आणि तोल फारच गेला तर यंत्रे स्वतःच्या रक्षणार्थ आपोआप बंद पडतात. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतातील ग्रिड असेच कोसळले. दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. आपला पश्चिम भाग त्या वेळी बचावला.

आता त्या मुलाच्या रात्रीकडे पुन्हा वळू. दगडी कोळशाचे वीजकेंद्र हे चुलीवरच्या तव्यासारखे नाही, वीटभट्टीसारखे आहे. एकदा पेटविले की संध्याकाळी विझवून सकाळी पेटविणे परवडत नाही. मध्यरात्री शहरे निजतात, कचेऱ्या बंद असतात, मागणी उतरते. भट्टी मात्र जळत असते. ती जादा वीज कोणी घ्यावी? शेतकऱ्याने. दिवसाची वीज कारखान्यांस व शहरांस, रात्रीची उरलेली शेतीस, अशी ही वाटणी. पेव नव्हते, म्हणून तराजूचा काटा सरळ ठेवण्याकरिता कोणाला तरी आपली वेळ बदलावी लागत होती. आणि ती बदलली शेतकऱ्याने. वीज साठविता येत नव्हती, म्हणून त्याची झोप खर्ची पडली. हा खर्च कोणत्याही वीजबिलात लिहिलेला नाही.

ह्यावर कोल्हापूरकर गप्प बसले होते असे मात्र नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतीस दिवसा दहा तास वीज मिळावी ह्या मागणीसाठी राजू शेट्टी यांच्या पुढारपणाखाली महावितरणच्या कार्यालयासमोर शेतकऱ्यांनी धरणे धरले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या वेळी शहरातील काही सुशिक्षित मंडळी "दिवसा वीज आणायची कोठून?" असे म्हणत. प्रश्न अगदीच वावगा नव्हता. परंतु अवघ्या काही वर्षांत त्याचे उत्तर डोक्यावर येऊन उभे राहिले आहे, आणि तेही अक्षरशः.

जानेवारी २०२५ मध्ये भारतातील सौर वीजनिर्मितीची क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. सूर्य हा मोठा उदार धनी. पण त्याच्या दातृत्वाला घड्याळ आहे. दुपारी बारा–एकला तो ओंजळी भरभरून देतो, आणि सायंकाळी सातला, जेव्हा घरोघरी दिवे, पंखे, दूरदर्शन व स्वयंपाकघरातील यंत्रे एकदम सुरू होतात, तेव्हा तो अस्तास गेलेला असतो. पूर्वी सुगी मध्यरात्री होती व टंचाई दिवसा. आता सुगी भर दुपारी व टंचाई दिवेलागणीला. म्हणूनच सरकारी दरपत्रकही उलटे झाले आहे. २०२५ साली लागू झालेल्या दरांप्रमाणे दिवसाच्या उन्हाच्या तासांत वीज वापरणाऱ्या कारखान्यांस सवलत आहे, व सायंकाळच्या तासांत जादा आकार आहे. आमच्या लहानपणी "रात्रीची वीज स्वस्त" असे ऐकत आलो, ते शास्त्र आता जुने झाले.

तर मग दुपारची वीज सायंकाळपर्यंत न्यावयाची कशी? वीज जशीच्या तशी ठेवता येत नसली तरी तिचे रूप पालटून ठेवता येते. ह्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत: एक रसायनाचा, दुसरा पाण्याचा.

रसायनाचा मार्ग जुना आहे. १८०० साली इटलीतील व्होल्टा ह्याने विद्युत्घट जगापुढे मांडला. १८५९ साली फ्रान्समधील प्लांते ह्याने शिसे व गंधकाम्ल ह्यांचा, पुनःपुन्हा भरता येणारा घट बनविला. आपल्या घरांत इन्व्हर्टरखाली जी जड पेटी असते ती त्या प्लांतेच्या घटाचीच पणती होय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, वीज बंद झाली, तेव्हा माझ्या घरातील ही पेटी एका रात्रीत मान टाकून मोकळी झाली. दोष तिचा नव्हता. वर्षभर मी तीत शुद्ध पाणी घालावयास विसरलो होतो. दहावीच्या मुलांस विद्युत्घटाचे धडे देणाऱ्याच्या घरची ही कथा. तेव्हा पालकांनी आपापली पेटी एकदा उघडून पाहावी हे बरे.

लिथियमचा घट हा ह्या घराण्यातील नवा वंशज. त्याच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो हलका आहे, त्वरेने भरतो, आणि त्यात घातलेल्या विजेपैकी बहुतेक परत मिळते. २०१० पासूनच्या पंधरा वर्षांत त्याची किंमत सुमारे नऊ-दशांशाने उतरली, आणि म्हणूनच खिशातील दूरध्वनीतून निघून तो आता ग्रिडच्या सेवेस रुजू झाला आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ साली सारा प्रांत अंधारात गेल्यावर पुढील वर्षी हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॅटची घटमाला बसविण्यात आली. तिचा गुण असा की, तोल जाताच डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ती धावून येते. दिल्लीतही २०२५ साली किलोकरी येथे दोन तास २० मेगावॅट देणारी घटमाला उभी राहिली. मात्र लिथियम आपल्या देशात अद्याप खाणीतून निघत नाही, ते बाहेरून आणावे लागते. शिवाय जुनी माणसे पेव उघडल्याबरोबर त्यात कोणास उतरू देत नसत, कारण आत कोंडलेली हवा जीव घेई. तशीच सावधगिरी येथेही हवी. कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथील मोठ्या घटमालेस जानेवारी २०२५ मध्ये आग लागली तेव्हा आसपासच्या लोकांस घरे सोडून जावे लागले. मिठात सापडणाऱ्या सोडियमपासून घट बनविण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत. त्यांस पुरते यश आले तर कोकण किनाऱ्यावरील मिठागरांकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागू. परंतु हे पुढचे.

दुसरा मार्ग पाण्याचा. आणि तो मात्र आपल्या सह्याद्रीच्या अंगणातला आहे. ह्याला उदंचन म्हणतात. डोंगरावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा. वीज जादा असेल तेव्हा पंपाने खालचे पाणी वर चढवावे. वीज हवी असेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवावे. वर चढविण्यास १०० युनिट खर्चले तर परत येताना साधारण ७५ ते ८० हाती लागतात. उरलेली पाटलाची पड म्हणून सोडून द्यावी लागते.

विद्यार्थ्यांसाठी येथे थोडे गणित करू. शाळेच्या गच्चीवर १००० लिटरची टाकी आहे व ती जमिनीपासून १० मीटर उंच आहे असे समजा. ती सारी रिकामी करून वीज केली, आणि वाटेत काहीच वाया गेले नाही, तरी हाती येईल एका युनिटचा सदतिसावा हिस्सा. म्हणजे ९ वॅटचा एक दिवा तीन तास जळेल एवढी वीज. टाकीभर पाण्याला तीन तासांचा एक दिवा! मुलांस हे ऐकून हसू येते. पण तेच १००० लिटर पाणी ४०० मीटर उंचीच्या कड्यावरून आणले तर सुमारे एक युनिट वीज देते. ४०० मीटर कडा बांधावयास कोणा राजाजवळही पैसा नसेल. सह्याद्रीने तो आयता बांधून ठेवला आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे नेमकी हीच योजना आहे. वरचा तलाव घाटमाथ्यावर, खालचा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, उंचीतील फरक चारशे मीटरच्या घरात, आणि दोन यंत्रे मिळून २५० मेगावॅट. जपानच्या कर्जसाहाय्याने बांधलेले हे केंद्र २००८ साली सुरू झाले. ताशी अडीच लाख युनिट देण्यासाठी तेथे ताशी साधारण तितकेच घनमीटर पाणी कड्यावरून उतरावे लागते, हे गणित आता तुम्हीच पडताळून पाहा. उलट, घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची पेटी घ्या: तीत पावणेदोन युनिटांहून थोडी अधिक वीज मावते. म्हणजे कोनाड्यात मावणाऱ्या त्या पेटीत घाटघरच्या कड्यावरून उतरणारे सुमारे दोन हजार लिटर पाणी बसविलेले आहे! थोड्या जागेचा प्रश्न असेल तेथे रसायन श्रेष्ठ. हजारो घरांचा व कित्येक दशकांचा प्रश्न असेल तेथे पाणी.

कोल्हापूरच्या माणसास पाणी साठविण्याचे महत्त्व सांगणे म्हणजे पेठेतल्या पैलवानास जोर काढावयास शिकविणे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. ते काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, पण आज आपल्या जिल्ह्याची जी हिरवी सावली आहे तीत त्या निश्चयाचा मोठा वाटा आहे. त्या धरणाच्या पाण्यावर पुढे वीजही निघू लागली. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी रयतेच्या शेतीचे पाणी, मग वीज.

हा क्रम सर्वत्र पाळला गेला असे इतिहास सांगत नाही. मुळशीचे उदाहरण पाहा. मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यासाठी टाटांनी निळा–मुळा खोऱ्यात धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापट व मावळातील शेतकरी ह्यांनी सत्याग्रह केला. तो अयशस्वी झाला; गावे बुडाली; १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले. ते आजही चालू आहे, आणि त्याच ठिकाणी पुढे १५० मेगावॅटचे उदंचनाचे यंत्र बसविण्यात आले. यंत्रविद्येच्या दृष्टीने शंभर वर्षे टिकणारे हे काम वाखाणण्यासारखेच आहे. पण ज्यांच्या भाताच्या खाचरांवर तो तलाव उभा आहे, त्यांच्या नातवंडांस त्या विजेतून काय मिळाले, हा प्रश्न वाखाणणी करणाऱ्याने गिळून टाकू नये. कोयनेचीही तीच कथा. जवळजवळ २००० मेगावॅटचे ते केंद्र आज सायंकाळच्या मागणीच्या वेळी महाराष्ट्राचा मोठा आधार आहे. आणि धरणासाठी उठलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे दोन पिढ्या उलटल्या तरी शिल्लक आहे.

हे सारे आज उकरून काढण्याचे कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. भुदरगड तालुक्यात वेदगंगेवर पाटगावचा तलाव आहे. मौनी महाराजांच्या नावावरून त्यास मौनी सागर म्हणतात. घाटाखाली लागलीच सिंधुदुर्ग जिल्हा. वर तलाव, खाली कोकण, मधे कडा: उदंचनास ह्याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. तेथे २१०० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प उभारण्याची योजना अदानी उद्योगसमूहाने २०२३ च्या सुमारास पुढे आणली, आणि "आमचे पाणी देणार नाही" म्हणून परिसरातील गावे उठली. त्याच वर्षी, म्हणजे २०२३ साली, महाराष्ट्र सरकारने अशा प्रकल्पांविषयीचे आपले धोरण जाहीर केले. तेव्हा पाटगाव हा काही एकटा प्रकार नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर ठिकठिकाणी अशा योजना आखल्या जात आहेत.

ह्या वादात मी दोन्ही बाजूंची भाषणे ऐकली, व दोन्हींकडे मला अर्धे सत्य आढळले. "सारे पाणी कोकणात जाईल" असे काहीजण म्हणतात. कोयनेत तसे होते खरे; तेथे वीज करून झालेले पाणी वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. परंतु उदंचनात पाणी खाली जाते ते पुन्हा वर येण्यासाठी. रहाटाच्या माळेप्रमाणे तेच ते फिरत राहते. उलट प्रकल्पाचे कैवारी म्हणतात, "पाण्याचा एक थेंबही खर्ची पडत नाही." हेही खरे नव्हे. खालचा तलाव प्रथम भरावयाचा तो कशाने? वेदगंगेच्याच पाण्याने. उन्हाळ्यात दोन तलावांवरून वाफ होऊन जाणारे पाणी दरवर्षी भरून काढावे लागेल. बोगदे, रस्ते व तारांचे मनोरे ह्यांसाठी जे जंगल जाईल ते वेगळे. आणि पाटगाव तर मधासाठी नावाजलेले गाव, तेथील मधमाश्यांची भिस्त त्या जंगलावरच. सर्वांत मोठा प्रश्न तर ह्यांपैकी कोणीच विचारला नाही: पाऊस कमी पडलेल्या वर्षी, एप्रिल महिन्यात तलावात थोडेच पाणी उरले असता, ते सायंकाळच्या विजेसाठी खाली असावे की भुदरगडच्या व कागलच्या उसासाठी वर, हे कोण ठरविणार?

माझे मत असे आहे. सायंकाळचा दिवा, इस्पितळातील यंत्रे आणि कारखान्यांच्या भट्ट्या ह्यांसाठी विजेचे पेव पाहिजेच. कोळशाचा धूर कमी करावयाचा तर ते टाळता येणार नाही. म्हणून "प्रकल्प नकोच" असे मला म्हणवत नाही. परंतु पेव कोणाच्या अंगणात खणावयाचे, त्यात धान्य कोणाचे आणि किल्ली कोणाकडे, ह्यांचा करार आधी लिहिला गेला पाहिजे. ही मागणी अवास्तव नाही, तिला पूर्वीचा दाखला आहे. कोयनेचे पाणी पश्चिमेकडे किती वळवावे ह्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी अशी मर्यादा घातली; आकडा कायद्याने लिहिला गेला, म्हणून खालच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास त्यावर बोट ठेवता आले. पाटगावास किंवा अन्य कोठेही असेच आकडे लिहून हवेत: पिण्याचे पाणी व शेती ह्यांचा हक्क पहिला, तलावाची पातळी अमुक रेषेखाली गेली तर पंप थांबतील, रोजची पातळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली जाईल. आणि ज्या गावांच्या डोंगरातून बोगदा जातो त्या गावांस निदान दिवसाची अखंड वीज. एवढे लिहून देण्याची ज्यांची तयारी नसेल त्यांच्या गोड शब्दांवर गावांनी विसंबू नये. दोन्ही बाजूंस माझे बोलणे रुचणार नाही हे मी जाणून आहे; स्नेहसंमेलनाच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत ह्याची चुणूक मिळाली आहे.

मात्र हजारो कोटींचे तलाव बांधण्याआधी एक पेव आपल्या हाताशी आहे, व त्यास खणणे–लिंपणे काही लागत नाही. शेतास पाणी सायंकाळी सातलाच हवे असे नसते. दुपारी दिले तरी उसास ते पोचते, आणि मातीत ते आठ–दहा दिवस टिकते. म्हणजे सरीतील ओल हीच साठवण! दुपारची जादा वीज घेऊन ती पाण्याच्या रूपाने जमिनीत ठेवणारा शेतकरी ग्रिडचेच काम करीत असतो, आणि तेही एका युनिटाची पड न सोडता. मध्यरात्रीची उरलेली वीज घेऊन ज्याने कोळशाचा तराजू सांभाळला, तोच आता भर दुपारी सूर्याचा तराजू सांभाळू शकेल. फरक इतकाच की, ह्या वेळी त्याला झोप मोडावी लागणार नाही. शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर चालविण्याची महाराष्ट्र सरकारची योजना आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिल्या पाच केंद्रांचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, आणि त्या पाचांत आपल्या जिल्ह्यातील कोंडिग्रे येथील ३ मेगावॅटचे केंद्र होते. तीन मेगावॅट म्हणजे पाटगावच्या आकड्यापुढे चिमूटभर. तरी मला विचाराल तर सरकारने व पुढाऱ्यांनी आपले वजन प्रथम ह्या चिमटीच्या मागे घालावे. ते स्वस्त आहे, लवकर होते, आणि त्यात कोणाचे गाव उठत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोल्हापूरचा गूळ जगभर जातो. गूळ म्हणजे काय? बारा–चौदा महिने उसाच्या पानांनी गोळा केलेले ऊन, काहिलीत आटवून ढेपेत बांधलेले. चिपाडेही तशीच, साखर कारखाने ती जाळून गाळप हंगामात वीज करतात व ग्रिडला विकतात. ऊन साठविण्याची कला आपल्या जिल्ह्यात नवी नाही; फक्त तिला कोणी ते नाव दिले नव्हते.

मुलांमध्ये जे पुढे यंत्रविद्या किंवा रसायन शिकणार आहेत, त्यांस ह्या क्षेत्रात पोटापाण्याचा धंदाही पुष्कळ सापडेल. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील कारखान्यांतून ओतकाम व यंत्रे घडविण्याचे कसब आहेच. पंप, झडपा, घटमालेच्या पेट्या, त्यांची देखभाल, जुन्या घटांतील शिसे व लिथियम सुरक्षितपणे परत काढणे, अशी कामे वाढतच जाणार. मात्र घरी घट फोडून आत काय आहे ते पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. प्रयोगशाळेत या, मी दाखवीन.

तो मुलगा आता दहावीत आहे. मागील महिन्यात त्याने विज्ञान प्रदर्शनासाठी दोन डबे, एक नळी व सायकलचा डायनामो घेऊन उदंचनाची लहानशी प्रतिकृती केली. डायनामोचा दिवा क्षणभर मिणमिणला नि विझला. परीक्षकांनी त्यास तिसरा क्रमांक दिला. त्याच्या गावची वाहिनी अजून सौर विजेवर आलेली नाही. दिवाळीनंतर त्यांची पाळी पुन्हा रात्रीची आली, आणि सोमवारी पहिल्या तासाला त्याने बाकावर डोके टेकले. मी शेजारच्या मुलास खुणेने गप्प केले व खिडकीचे दार ओढून घेतले, कारण ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होते.